पहिले तीन लख्ख, शेवटचे तीन मंद: शाळेतल्या एका सिरीज सर्किटची केस

पार्श्वभूमी

ही केस पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावच्या हायस्कूलमधली. शाळेचं आणि मुलांचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही. मी तिथे प्रयोगशाळा सहायक, म्हणजे परीक्षानळ्या मोजून घेण्यापासून ते प्रदर्शन जवळ आलं की मुलांना चिकटपट्टी, सोल्डरिंग, सेल असलं सगळं शोधून देण्यापर्यंत.

नववीचा पाच जणांचा गट होता, तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी 'आदर्श गाव' असं मॉडेल करत होता. पुठ्ठ्याची घरं, हिरव्या लाकडी भुशाची शेतं, मधून एक रस्ता आणि रस्त्याच्या कडेला सहा दिव्यांचे खांब. दिवे म्हणजे बॅटरीचे, आटे असलेले छोटे बल्ब. लॅबच्या डब्यात तीनच शिल्लक होते, बाकीचे तीन मुलांनी बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणले. दुकानदार म्हणाला बॅटरीचे बल्ब सगळे सारखेच असतात, घेऊन जा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जोडणी त्यांनी सिरीजमध्ये केली, पुस्तकातल्या शब्दात एकसर जोडणी. मुद्दाम विचार करून वगैरे नाही, तर एका खांबावरून दुसऱ्या खांबावर एकच वायर नेली की काम सोपं होतं म्हणून. सेलच्या एका टोकाकडून निघालेली वायर पहिल्या बल्बमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं करत सहाव्यातून परत सेलच्या दुसऱ्या टोकाला. खऱ्या रस्त्यावरचे दिवे पण असेच असतात असं त्यांना वाटत होतं. तसं नसतं, तिथे दोन तारा सोबत धावतात आणि प्रत्येक दिवा त्या दोन तारांच्या मध्ये बसलेला असतो, पण खालून बघताना ते कोण बघतंय.

अडचण काय आली

आधी एक बल्ब दोन सेलवर लावून बघितला होता, मस्त पेटला. म्हणून सहाही तसेच पेटतील असं धरून खांब चिकटवून टाकले. स्विच दाबला तर काहीच नाही. हाताचा आडोसा करून बघितलं तेव्हा पहिल्या तीन बल्बांत लालसर तार दिसली, शेवटचे तीन तर पूर्ण गप्प.

मग दोनाचे सहा सेल केले, म्हणजे ९ व्होल्ट. आता चित्र असं झालं की पहिले तीन बल्ब लख्ख आणि शेवटच्या तिघांत नुसती नारिंगी तार.

इथे गटाची लीडर, हुशार मुलगी, तिने लगेच कारण सांगून टाकलं. कालव्याचं पाणी जसं हेडवाल्यांना भरपूर मिळतं आणि टेलला पोचतच नाही, तसंच करंटचं आहे, पहिले बल्ब खाऊन टाकतात, शेवटच्यांना उरत नाही. आमच्याकडे ऊसपट्ट्यात हे सांगितलं की पोरंच काय, घरचे पण मान डोलावतात, कारण टेलचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. विज्ञानाचे सर सहामाहीचे पेपर तपासत बसलेले, त्यांनी वर न बघताच "हो हो, पुढे कमी होत जातो, लिहा तसं" असं म्हटलं आणि तासाभरात चार्ट रंगवून तयार. 'विद्युतधारा पुढे जाताना कमी कमी होत जाते', लाल स्केचपेनने, खाली बाण.

गटातली दुसरी एक मुलगी, जी फारशी बोलत नाही, ती धाराविद्युतचा धडा उघडून आली. पुस्तकात तर लिहिलंय की एकसर जोडणीत प्रत्येक रोधातून सारखीच विद्युतधारा जाते. मग डोळ्यांना दिसतंय ते खरं की पुस्तक खरं? लीडर म्हणाली, "अगं पुस्तकात आयडियल असतं, प्रॅक्टिकलमध्ये लॉस होतो." हे वाक्य मोठी माणसंही अगदी ठासून बोलतात आणि बऱ्याचदा त्यात काही दम नसतो.

समोर कोणते पर्याय होते

प्रदर्शनाला आठवडा राहिला होता आणि पाच जणांची पाच मतं.

एक म्हणे अजून सेल वाढवा. सहा बल्ब, प्रत्येकाला अडीच व्होल्ट, म्हणजे १५ व्होल्ट, म्हणजे दहा सेल. हिशोब बरोबर, पण मग पहिले तीन बल्ब, जे आत्ताच लख्ख आहेत, त्यांचं काय होईल हा विचार त्याने केला नव्हता. ते उडाले असते, आणि सिरीजमध्ये एक उडाला की सगळा रस्ता अंधारात.

दुसरा म्हणे वायर बारीक आहे, जाड घ्या, वायरमध्ये लॉस होतोय. ऐकायला पटतं. पण मॉडेलमध्ये सगळी मिळून दोनेक मीटर तांब्याची वायर, तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, अर्ध्या ओहमच्याही आत, आणि बल्बांचा मिळून पन्नासच्या घरात. त्यामुळे वायर बदलून डोळ्यांना फरक दिसलाच नसता.

तिसरा पर्याय ऐकून मात्र मी हातातलं काम टाकून टेबलापाशी गेलो. एकजण म्हणाला, "गणपतीची माळ डायरेक्ट प्लगला लावतो की आपण, त्यात तर याहून बारीक बल्ब असतात, मग हे पण लावू." आता यात अर्धं खरं आहे म्हणूनच ते जास्त धोक्याचं. जुन्या बारीक बल्बांच्या माळा सिरीजमध्येच असतात. समजा प्रत्येक बल्ब ६ व्होल्टचा धरला तर २३० भागिले ६, म्हणजे ३८-४० बल्ब एका ओळीत लावले की प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सहा व्होल्ट येतात आणि माळ चालते. पण इथे सहाच बल्ब. २३० भागिले ६ म्हणजे सरासरी ३८ व्होल्ट प्रत्येकी, आणि बल्ब अडीच व्होल्टचा. क्षणात उडणार. बल्ब उडाले ते सोडा, सगळे जोड उघडे, नुसते पीळ मारून चिकटपट्टी लावलेले, आणि भोवती पुठ्ठा आणि भुसा. तिथेच सांगितलं की शाळेत असो नाही तर घरी, या मॉडेलची वायर भिंतीच्या सॉकेटजवळ न्यायचीच नाही, सेल सोडून काही नाही.

चौथा पर्याय सरळ, सगळे बल्ब पॅरललमध्ये, म्हणजे प्रत्येक बल्ब दोन तारांच्या मध्ये, लावून मोकळे व्हा. मॉडेलपुरतं हे बरोबर होतं आणि शेवटी तेच झालं. पण त्या क्षणी तसं केलं असतं तर दिवे लागले असते, चार्टवरचं चुकीचं वाक्य तसंच राहिलं असतं, आणि पाचही जण ते वाक्य डोक्यात घेऊन दहावीला गेले असते.

न बोलणारीने पाचवा मांडला. आधी बघू तरी करंट खरंच कमी होतो का, मग ठरवू काय लावायचं ते. माझ्या मते या केसमधला हाच खरा वळणाचा टप्पा, कारण आठवडाच हातात होता आणि दिवे पेटवायची घाई सगळ्यांनाच होती.

काय केलं

पहिली टेस्ट फुकटातली होती आणि ती तिलाच सुचली. सेल उलटे करून टाकायचे. करंट जर वाटेत संपत असेल तर आता तो दुसऱ्या टोकाकडून येईल, मग तिकडचे तीन लख्ख व्हायला हवेत आणि आधीचे तीन मंद. सेल उलटे केले. काहीच बदललं नाही, जे लख्ख होते तेच लख्ख. लीडर दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली "परत कर". परत केलं, तेच.

दुसरी टेस्ट म्हणजे मल्टिमीटर. करंट मोजताना मीटर सर्किटच्या मध्येच घालावा लागतो, म्हणजे वायर तोडून त्या दोन टोकांमध्ये. व्होल्टेजसारखं बल्बच्या दोन बाजूंना टेकवून करंट मोजायला गेलात तर मीटरचा फ्यूज जाऊ शकतो, आमच्या लॅबमधल्या एका मीटरचं तसं झालेलं आहे. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात लावून पहिल्या बल्बच्या आधी मोजलं, ०.१८ अँपिअर. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये मोजलं, ०.१८. सहाव्याच्या नंतर, सेलकडे परत जाणाऱ्या वायरमध्ये, तिथेही ०.१८. म्हणजे जेवढा गेला तेवढा परत आला.

आता प्रश्न असा की करंट सारखा तर उजेड सारखा का नाही. मग प्रत्येक बल्बवरचं व्होल्टेज घेतलं. पहिल्या तिघांवर प्रत्येकी दोन व्होल्टच्या आसपास, शेवटच्या तिघांवर जेमतेम एक. सहाही बेरजेला घेतले की जवळपास ९, सेलचे जेवढे तेवढेच. वाटणी होते ती व्होल्टेजची, करंटची नाही. लीडरच्याच कालव्याच्या भाषेत सांगायचं तर इथे मधे कोणी पाणी उचलतच नाहीये, हेडला जेवढं सोडलं तेवढंच टेलमधून बाहेर पडतंय, वाटेत कमी होते ती फक्त उंची, आणि जिथे जास्त अडतं तिथे जास्त उंची खर्ची पडते.

मग पहिला आणि सहावा बल्ब काढून जागा बदलल्या. मंदपणा बल्बसोबत गेला! जागेचा काही संबंधच नव्हता. तेव्हा कुठे कोणीतरी मोबाईलने झूम करून बल्बच्या पितळी गळ्यावरची बारीक अक्षरं वाचली. लॅबच्या बल्बांवर २.५ व्होल्ट ०.२ अँपिअर, दुकानातल्यांवर २.५ व्होल्ट ०.३ अँपिअर. योगायोगाने लॅबचे तिन्ही आधी लागले आणि दुकानातले तिन्ही नंतर, म्हणून ते हुबेहूब हेड-टेलसारखं दिसलं. आलटून पालटून लावले असते तर ही शंका कोणाला आलीच नसती.

हिशोब आता साधा आहे. लॅबचा बल्ब पूर्ण पेटतो तेव्हा त्याचा रोध २.५ भागिले ०.२, म्हणजे १२.५ ओहम. दुकानातल्याचा २.५ भागिले ०.३, म्हणजे ८.३. दोघांमधून ०.१८ अँपिअर जातोय. लॅबच्या बल्बला लागतात ०.२, म्हणजे त्याला जवळजवळ पोटभर मिळतंय. दुकानातल्याला हवेत ०.३, त्याला साठ टक्केच मिळतायत, त्यामुळे तार नीट तापत नाही. आणि तार थोडी जरी थंड राहिली तरी उजेड एकदम पडतो, त्यामुळे व्होल्टेजमधला दुपटीचा फरक डोळ्यांना दुपटीपेक्षा कितीतरी जास्त वाटतो.

इथे एक गंमत झाली जी मला वाटतं प्रत्येक वर्गात होते. न बोलणारीने सगळे रोध मिळवले, तीन गुणिले १२.५ आणि तीन गुणिले ८.३, साधारण ६२ ओहम. ९ भागिले ६२ म्हणजे ०.१४ च्या वर काहीतरी. मीटर दाखवतो ०.१८. मग तिने एक बल्ब सुटा करून मल्टिमीटरवर रोध मोजला तर फक्त एक-दीड ओहम! मीटर बिघडलाय म्हणाली. मीटर ठीक होता. टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध खूप कमी असतो, तापली की दहापटीच्याही वर जातो. ओहमचा नियम, म्हणजे व्होल्टेज भागिले करंट कायम तेवढाच येतो हा, तापमान स्थिर असेल तर लागू होतो हे वाक्य पुस्तकात असतं, पण पोरं ते व्याख्येतली शेपटी म्हणून सोडून देतात. आपले सहा बल्ब पूर्ण तापलेले नव्हते म्हणून रोध ६२ च्या ऐवजी ५० निघाला, ९ भागिले ०.१८. ज्यांच्या नावाचा हा नियम ते ओहम स्वतः जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेत शिकवायचे, १८२७ साली त्यांचं पुस्तक आलं, आणि त्यांनी मापं घेतली ती धातूच्या तारांवर, असल्या पेटत्या बल्बांवर नाही. बल्ब हा खरं तर ओहमचा नियम शिकवायला वाईट आणि एकसर जोडणी दाखवायला उत्तम नमुना आहे.

शेवटची टेस्ट माझ्या आग्रहाने. एक बल्ब होल्डरमधून काढला, सगळे विझले, हे अपेक्षितच. आता रिकाम्या होल्डरच्या दोन टोकांवर व्होल्टेज किती? चौघांनी शून्य सांगितलं, एकाने दीड. मीटरने जवळपास पूर्ण ९ दाखवले. करंटच नाही त्यामुळे बाकीच्या बल्बांवर काहीच खर्च होत नाही, सगळं व्होल्टेज त्या एका गॅपवर येऊन बसतं. मग गणपतीच्या माळेवाल्याला विचारलं, माळेतला एक बल्ब उडाला आणि तू चालू माळेत तिथे बोट घातलंस तर सहा व्होल्ट लागतील की २३०? त्याने उत्तर दिलं नाही, पण प्लगचा विषय परत निघाला नाही.

शेवटी काय झालं

रस्त्याचे दिवे पॅरललमध्ये लावले. दोन वायरी रस्त्याच्या कडेने, प्रत्येक खांब दोन्हींच्या मध्ये. पण पॅरलल फुकट नसतं हे पण कळलं, कारण इथे करंटची बेरीज होते, तीन गुणिले ०.२ आणि तीन गुणिले ०.३, म्हणजे दीड अँपिअर. पेन्सिल सेल याला टिकेनात, उजेड बघता बघता उतरायचा. शेवटी मोठे चार सेल घेतले, दोन-दोनच्या दोन जोड्या करून जोडल्या, आणि बघायला कोणी आलं तरच स्विच दाबायचा असं ठरलं.

आणि एक गोष्ट कोणी ठरवून केली नव्हती. पॅरललमध्ये लावल्यावर दुकानातले बल्ब लॅबच्यांपेक्षा थोडे जास्त पेटले! सिरीजमधले मंद इथे सरस. कारण आता व्होल्टेज सगळ्यांना सारखं आणि ज्याचा रोध कमी तो जास्त करंट ओढतो. हे बघून लीडरने स्वतः चार्ट फाडला आणि सिरीजची एक वेगळी छोटी पाटी करून मॉडेलच्या शेजारी ठेवली, दोन्ही जातीचे बल्ब आलटून पालटून, खाली प्रश्न: 'सारखाच करंट, मग उजेड वेगळा का?'

परीक्षकांनी मॉडेलपेक्षा त्या पाटीपाशी जास्त वेळ काढला. एकांनी विचारलं, सिरीजचा घरात काही उपयोग आहे का. गटातल्या एकाच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, त्याने सांगितलं की फ्यूज आणि स्विच सिरीजमध्येच असतात म्हणून तर ते तुटले की सगळं बंद होतं, आणि पप्पांच्या दुकानात सिरीज बोर्ड असतो, दुरुस्तीला आलेली वस्तू १०० वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावून बघतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो, पण करंट अर्ध्या अँपिअरच्या आतच राहतो, त्यामुळे फ्यूज उडत नाही. हे उत्तर कुठल्या गाईडात नसतं.

नंबर आला नाही. तो पाणी शुद्धीकरणाच्या मॉडेलला गेला, दरवर्षी जातो.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी म्हणजे खांब चिकटवायच्या आधी सहाही बल्ब टेबलावर जोडून बघायला हवे होते. एक पेटला म्हणजे सहा पेटतील हे धरणं हीच पहिली चूक, आणि त्यात दोन दिवस गेले.

बल्बच्या गळ्यावरचे आकडे पहिल्याच दिवशी वाचले असते तर गोंधळ झालाच नसता. पण खरं सांगू का, मग एवढं शिकणंही झालं नसतं. म्हणून शिक्षकांनी हा प्रयोग घेताना आधी एकाच जातीचे दोन बल्ब द्यावेत, सारखे पेटतात हे बघू द्यावं, आणि मग न सांगता त्यातला एक बदलावा. कोण जास्त पेटेल हे स्विच दाबायच्या आधी वहीत लिहून घ्यायचं, नंतर सगळेच म्हणतात मला माहीत होतं.

सरांनी "लिहा तसं" म्हटलं तिथे फक्त "सेल उलटे करून बघा" म्हटलं असतं तर तासाभरात विषय संपला असता. त्यांनी नंतर हीच केस दहावीच्या वर्गात घेतली, पाटीसकट, हेही सांगितलं पाहिजे.

एक अडचण पुढची आहे. हे तारेचे छोटे बल्ब आता दुकानात लवकर मिळत नाहीत, सगळीकडे एलईडी. एलईडीवर हा प्रयोग असाच्या असा होत नाही, पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, त्याच्या बरंच खाली गेलं की तो जवळजवळ पेटतच नाही, आणि सेल उलटे केले की सरळ बंद, म्हणजे ती फुकटातली टेस्टच गेली. त्यामुळे ज्यांच्या लॅबमध्ये असे बल्ब अजून आहेत त्यांनी ०.२ आणि ०.३ वाले वेगवेगळ्या डब्यांत घालून डब्यावर मार्करने लिहून ठेवा, आणि दिसतील तिथे डझनभर घेऊन ठेवा.